आवडत्या दिग्दर्शकाचे चित्रपट: संग्रह आणि संरक्षण

एखाद्या ग्रंथकाराचे झाडून सारे ग्रंथ घरच्या कपाटांत असावेत, ही हौस सुशिक्षित कुटुंबांत जुनीच आहे. आवडत्या चित्रपटदिग्दर्शकाच्या कृतींविषयींही तशीच हौस पुष्कळांना असते. परंतु पुस्तक आणि चित्रपट यांत मोठा भेद आहे. शंभर वर्षांपूर्वीचें पुस्तक धुंडाळल्यास एखाद्या वाचनालयांत बहुधा सांपडतें. तितका जुना चित्रपट क्वचितच सांपडतो. या संग्रहाचे नियम म्हणूनच निराळे आहेत, आणि ते समजून घेण्यास दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांइतकें बोलकें उदाहरण महाराष्ट्रांत दुसरें नाहीं.

फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. त्यानंतर 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) असे एकामागून एक चित्रपट निघाले. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा शेवटचा. लहानमोठे मिळून ही संख्या शंभराच्या घरांत जाते. त्यांपैकीं आज उरलें आहे तें ओंजळभर: कांहीं चित्रपटांचे तुकडे, आणि एक 'कालियामर्दन' तेवढा बराचसा.

असें कां व्हावें? त्या काळची फीत नायट्रेटची असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही. एकदां पेटला कीं पाण्याखालींही जळत राहतो. न पेटला तरी उष्णतेनें व दमटपणानें तो चिकट होतो आणि अखेर त्याची भुकटी होते. शिवाय फितींतील चांदी काढून विकण्यासाठीं पुष्कळ जुने चित्रपट गाळले गेले. खेळ संपल्यावर चित्रपटाला किंमत उरत नाहीं, अशीच तेव्हांची समजूत होती.

पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. (२०२२ सालीं तें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आलें.) तेथील पी. के. नायर यांनीं फाळके यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन जपून राहिलेले फितींचे तुकडे मिळविले आणि ते क्रमवार जुळविले. बालकृष्णाच्या भूमिकेंतील फाळके-कन्या मंदाकिनी आज पडद्यावर दिसते, ती या खटपटीमुळें. घरच्यांनीं ते तुकडे अडगळ म्हणून टाकले असते, तर नायर यांचें कौशल्य काय कामाचें होतें?

या उदाहरणावरून संग्राहकानें तीन गोष्टी शिकाव्या. पहिली, यादी. दिग्दर्शकाच्या सर्व कृतींची सालवार यादी प्रथम करावी आणि जें मिळालें नाहीं त्याची जागा रिकामी ठेवावी. दुसरी, नोंदींतील प्रामाणिकपणा. 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच उपलब्ध आहेत. तींही १९१३ सालचीं नसून १९१७ सालीं पुन्हां घेतलेल्या चित्रपटाचीं असावींत, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. तेव्हां प्रत कोणत्या सालची, पूर्ण कीं अपुरी, कोठून मिळाली, हें लिहिल्यावांचून ती कपाटांत ठेवूं नये. चित्रपटच नसेल तेथें जाहिराती, पुस्तिका व लेख जमवावे. फाळके यांनीं 'नवयुग' मासिकांत आपल्या धंद्याविषयीं लेख लिहिले होते. हरवलेल्या चित्रपटांची ओळख अशाच कागदांवरून होते.

तिसरी गोष्ट, संरक्षण. संग्रह तबकड्यांवर असो वा हार्ड डिस्कवर, कोणतेंही साधन अमर नाहीं. भिवंडी तालुक्यांतील दिघाशीसारख्या गांवीं पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. तेथें तबकड्यांना बुरशी आणि यंत्रांना गंज येण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून वस्तु कोरड्या बंद डब्यांत ठेवाव्या, वर्षांतून एकदां चालवून पाहाव्या, आणि एक प्रत दिघाशीस तर दुसरी मुंबईस किंवा पुण्यास आप्ताघरीं ठेवावी. पुण्यांतच जानेवारी २००३ मध्यें एका कोठारास आग लागून कित्येक नायट्रेट फिती भस्म झाल्या. जेथें तज्ज्ञ मंडळी असतात तेथेंही असें घडतें, मग घरच्या कपाटाचा भरंवसा किती धरावा?

आणखी एक सांगणें आहे. घरांतील माळ्यावर एखादा गंजका डबा निघाला आणि त्यांत जुनी फीत असली, तर ती उलगडून पाहूं नये, ऊन दाखवूं नये व दिव्याजवळ नेऊं नये. डबा तसाच थंड जागीं ठेवून संग्रहालयास कळवावें. फाळके यांच्या यादींतील रिकाम्या जागांपैकीं एखादी त्या डब्यानें भरून निघेल.