चंपाला कुणी विचारले का?

'सखाराम बाइंडर' हे विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. त्यावर बंदी आली, वाद झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी नाटक सुटले. आरोग्याच्या पानावर नाटकाची गोष्ट कशाला, असे वाचकांना वाटेल. पण त्या नाटकातली चंपा आम्हाला आपल्या वस्त्यांमधून सतत भेटते. तिच्या आरोग्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. म्हणून आज तिच्याबद्दल लिहीत आहोत.

या नाटकाचे आणि पुण्याचे नाते जवळचे आहे. सखारामची भूमिका करणारे निळू फुले पुण्याचे. नट होण्याआधी ते इथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये माळीकाम करत होते. चंपाची भूमिका लालन सारंग यांनी केली. नाटककार तेंडुलकर २००८ साली, निळूभाऊ २००९ साली आणि लालनताई २०१८ साली, तिघेही पुण्यातच गेले. चंपा मात्र अजून आहे. ताडीवाला रस्त्यावर आहे, येरवड्यात आहे, जनता वसाहतीतही आहे.

ज्यांनी नाटक पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सखाराम छापखान्यात बाइंडिंगचे काम करतो. नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या बायका तो घरी आणून ठेवतो. त्याच्या अटी रोखठोक असतात. अन्न, वस्त्र, निवारा तो देणार; त्या बदल्यात बाईने घर सांभाळायचे आणि त्याचे शरीरही सांभाळायचे. पटले नाही तर दार उघडे. लक्ष्मी ही त्याने आणलेली सातवी बाई. मऊ बोलणारी, देवभोळी, मुंग्यांशी गप्पा मारणारी. ती गेल्यावर चंपा येते.

चंपा एका फौजदाराची बायको. लहान वयात तिचे लग्न झाले आणि नवऱ्याने तिचा जो छळ केला तो ऐकवत नाही. त्याला सोडून ती आली आहे. तोंडाने फटकळ, शिव्या सहज देणारी. ज्या सखारामला सगळे घाबरतात त्यालाच ती चहा करायला लावते. दारू पिऊन दारात आलेल्या नवऱ्याला तुडवून काढते. प्रेक्षकाला वाटते, ही बाई कुणाला ऐकणारी नाही.

पुढे भाच्याच्या घरातून हाकललेली लक्ष्मी परत येते. सखाराम तिला मारून बाहेर काढायला निघतो. तेव्हा आड कोण येते? चंपा. दुसरी बाई घरात आली की आपली जागा जाईल, असा विचार ती करत नाही. लक्ष्मीला जायला ठिकाण नाही, एवढेच तिला कळते. ती लक्ष्मीला ठेवून घेते. घर तू बघ, त्याला मी बघते, अशी वाटणीही करून टाकते.

आम्हाला थांबायचे आहे ते या वाटणीपाशी. जी बाई दुसरीला निवारा मिळवून देते, ती स्वतःच्या निवाऱ्याचे भाडे म्हणून स्वतःचे शरीर देते आणि त्यात काही वावगे आहे असे तिला वाटत नाही. सखारामची जबरदस्ती सहन व्हावी म्हणून ती आधी दारू पिते. लक्ष्मीला मार बसू नये, हे तिला समजते. आपल्यालाही तो त्रास होऊ नये, हे तिच्या मनात येत नाही. दुसऱ्याची किंमत तिला बरोबर कळते. स्वतःची किंमत करताना मात्र तिचा हिशेब चुकतो.

आता आपल्या आजूबाजूला पाहा. वस्तीत आरोग्य शिबिर असले की एक तरी अशी बाई असतेच. शेजारणीला हाताला धरून ती आणते. तिच्या वतीने डॉक्टरांशी भांडते, रांगेत घुसणाऱ्याला सुनावते, म्हातारीच्या गोळ्या समजून घेते. तिच्या स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायची वेळ आली की म्हणते, "मला काय धाड भरलीय?" आणि निघून जाते. मोर्चात घोषणा तिचीच, मयताच्या घरी पहिला चहा तिचाच, नळावरच्या भांडणात शेवटचा शब्दही तिचाच. सगळे म्हणतात, "ती काय, खमकी आहे." खमकी आहे म्हणून तिला कुणी काही विचारत नाही.

डॉक्टर, नर्स, आशाताई यांच्याकडूनही हीच चूक होते. रडणाऱ्या बाईची विचारपूस होते, चढ्या आवाजात बोलणाऱ्या बाईची होत नाही. खरे तर नैराश्य नेहमी रडूनच दिसते असे नाही. सतत चिडचिड, अंगावर धावून जाणे, झोप न लागणे, अन्नावरची वासना जाणे, तपासणीत काही न सापडणारी डोकेदुखी, पाठदुखी, ओटीपोटातले दुखणे अशा रूपांतही ते येते. हे सगळे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

घरातल्या मारहाणीचा आकडा आपल्याला ठाऊक असायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात दिसले की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. न सांगणाऱ्या या सगळ्या गरीब गाई नव्हत्या. त्यांत खमक्याही होत्या. जगाला सुनावणाऱ्या बाईला आपण घरात मार खातो हे सांगणे उलट जास्त जड जाते.

चंपाच्या दारूबद्दलही बोलले पाहिजे. बाई प्याली की तिच्या चारित्र्याची चर्चा होते, ती का पिते याची होत नाही. पुरुषाच्या मानाने बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते. त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि यकृताचे नुकसान लवकर होते. मार, जबरदस्ती किंवा जुनी भीती विसरण्यासाठी कुणी पीत असेल तर नुसते "सोड" म्हणून ती सुटत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात अचानक बंद केली तर थरथर, भास, झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आपल्या पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि तिथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभागही आहे. तिथे जाण्यात लाज नाही.

नाटकाचा शेवट अनेकांना माहीत असेल. चंपा सखारामच्या मित्राकडे, दाऊदकडे जाते, हे लक्ष्मी सखारामला सांगते. संतापलेला सखाराम चंपाचा गळा दाबून जीव घेतो. जिला चंपाने आसरा दिला तीच लक्ष्मी प्रेत पुरायला मदत करते. लक्ष्मीलाही आपण नुसते वाईट म्हणू नये. एकाच छपराखाली एकीलाच जागा आहे असे वाटले की दोन गांजलेल्या बायका एकमेकींच्या वैरी होतात.

गळा दाबण्याबद्दल आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. नवऱ्याने रागात गळा धरला आणि सोडून दिला, तर बाई म्हणते, "काही नाही झाले, वळसुद्धा उठला नाही." पुष्कळदा बाहेर खूण दिसतच नाही. आतली सूज मात्र काही तासांनी वाढू शकते. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनी पक्षाघातही होऊ शकतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास लागणे, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, मध्येच शुद्ध हरपणे, नकळत लघवी होणे, यांतले काहीही झाले तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. "पडले" असे सांगू नये. "गळा दाबला" असे स्पष्ट सांगावे आणि केसपेपरवर तसे लिहून घ्यावे. ज्या बाईचा गळा जोडीदाराने एकदा दाबला, तिचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून ही नवरा-बायकोची कुरबूर समजू नये. तो शेवटचा इशारा समजावा.

चंपाच्या काळी नव्हते असे काही आज आपल्या हातात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाण, लैंगिक जबरदस्ती, मानसिक छळ, पैशाची कोंडी हे सारे त्यात येते. राहत्या घरातून बाईला असेच हाकलता येत नाही. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखे राहणाऱ्या बाईलाही त्यात दाद मागता येते. मात्र दोघांपैकी कुणाचे आधीचे लग्न कायद्याने मोडलेले नसेल तर कोर्टात अडचण येते, म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. वकिलाला पैसे कुठून आणू, ही काळजी नको. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक दाराच्या आत लिहून ठेवावेत.

घर सोडायची वेळ येऊ शकते असे वाटत असेल तर एक पिशवी विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवावी. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती, चालू गोळ्या आणि थोडे पैसे असावेत. "मी आता जाते" असे भांडणात सांगून निघू नये. निघण्याची वेळच सर्वांत धोक्याची असते.

आता आपले काम. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी 'दिलासा' हे केंद्र सुरू झाले. जखम घेऊन आलेल्या बाईला दवाखान्यातच, कमीपणा न वाटू देता विचारायचे, हे तिथल्या डॉक्टर-नर्स शिकल्या. हे विचारणे आपल्या महिला मंडळालाही शिकता येईल. चार माणसांत विचारू नये, एकटीला गाठावे. "तुझ्या घरी सगळे बरे आहे का? तुला कुणाची भीती वाटते का?" एवढेच विचारावे. ती बोलली तर मध्ये न तोडता ऐकावे. "तू काय केलेस म्हणून त्याने मारले?" हा प्रश्न कधीही विचारू नये. "तुझी चूक नाही" असे सांगावे. आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का, हे तिच्याशी बोलून ठरवावे. पुढच्या मदतीपर्यंत तिच्यासोबत चालत जावे. निर्णय मात्र तिचाच असू द्यावा. ती पहिल्यांदा उडवून लावील, हसेल, कदाचित एखादी शिवीही देईल. रागावू नये. महिन्याभराने पुन्हा विचारावे.

बंधूंनाही एक सांगणे आहे. सखाराम स्वतःला ढोंगी समाजापेक्षा खरा समजत होता, कारण तो अटी तोंडावर सांगायचा. पण भुकेल्या, बेघर बाईने मान्य केलेली अट ही तिची संमती नव्हे. घरखर्च आपण देतो म्हणून बायकोचे शरीर आपले होत नाही, हे ज्याला कळले त्याच्या घरातले अर्धे आजार कमी होतील.

आणि चंपाताई, हे पान तुमच्या हाती पडले असेल तर तुमच्याशी दोन शब्द. तुम्ही शेजारणीला दवाखान्यात नेता तेव्हा तिच्या जिवाचे मोल तुम्हाला कळते. तोच काटा स्वतःला लावा. येत्या आठवड्यात महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन तुमचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. झोप लागत नसेल तर तेही सांगा. कुणी हात उगारत असेल तर एका माणसाला तरी सांगा. तुम्ही आजवर इतक्या जणींसाठी भांडलात. एकदा स्वतःसाठी भांडा, आम्ही सोबत येतो.