शंभर वर्षांची घरं, तीनशे वर्षांचं गाव

बुडापेस्टच्या ईशान्येला सुमारे 90 किलोमीटरवर, चेरहाटच्या टेकड्यांत होलोको हे हंगेरीतलं चिमुकलं गाव आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. 1987 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत बुडापेस्टबरोबर या खेड्यालाही स्थान दिलं.

गावाच्या डोक्यावरचा किल्ला तेराव्या शतकातला. 1241-42 च्या मंगोल स्वारीत हंगेरी होरपळली आणि मग ठिकठिकाणी दगडी किल्ले उभे राहिले, त्यांतलाच हा. 1552 मध्ये तो उस्मानी तुर्कांच्या हाती पडला, 1683 मध्ये कायमचा सुटला. पायथ्याचं आजचं गाव मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांत आकाराला आलं. इथले लोक पालोत्स. त्यांची हंगेरियन बोली वेगळी आणि भरतकामाचा पेहरावही स्वतःचा. ईस्टरच्या सोमवारी तरुण मुलं नटलेल्या मुलींवर बादलीभर पाणी ओततात, ती प्रथा इथे अजून थाटात पाळली जाते.

मात्र इथली बहुतेक घरं तीनशे वर्षांची नाहीत. लाकूड आणि गवती छपरं यांमुळे गाव पुन्हा पुन्हा जळत असे. 1909 च्या आगीनंतर लोकांनी दगडी जोत्यावर कच्च्या विटांच्या भिंती रचल्या, चुन्याने पांढऱ्या केल्या, छपरांवर कौलं घातली. साहित्य बदललं, पण घराचा घाट तोच राहिला: पुढे झुकलेलं छप्पर आणि त्याखाली लाकडी खांबांची ओसरी.

जमिनीची मांडणीही तशीच राहिली. प्रत्येक कुटुंबाची जागा म्हणजे रस्त्यापासून मागे जाणारी अरुंद पट्टी. पहिल्या पिढीचं घर रस्त्याला लागून, पुढच्या पिढ्यांची त्याच्या मागे ओळीने. धान्याची कोठारं घरांपासून दूर, शेताच्या कडेला. त्यापलीकडे शेतांचे पट्टे, फळबागा, द्राक्षमळे आणि रान. युनेस्कोने घरांसोबत हा सगळा परिसर वारसा मानला, कारण कुटुंब, घर आणि शेत यांचं नातं त्यातच वाचता येतं.

आज जुन्या गावातली अनेक घरं संग्रहालयं, हस्तकलेची दुकानं आणि पाहुण्यांसाठीची निवासस्थानं झाली आहेत. पर्यटनामुळे भिंतींना चुना मिळतो, ही मोठीच गोष्ट. पण 1909 नंतर गाव पुन्हा उभं राहिलं ते तिथे राहणाऱ्यांना आपलं घर कसं असतं हे ठाऊक होतं म्हणून. त्यामुळे होलोकोत जपायची पहिली गोष्ट म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी माणसं.