‘कुठूनच नाही’चं खातं

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात वर्णभेदविरोधी लढ्याच्या जागा वाटाड्यासोबत हिंडून पाहता येतात. १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या तो कोर्ट स्क्वेअर, मार्टिन ल्यूथर किंग यांचं चर्च... मंडळी भराभर फोटो काढतात. मी पडलो बँकेतला! बसवर ३८१ दिवस बहिष्कार. मग लोकांना कामावर पोचवणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलचे पैसे कोण देत होतं?

उत्तराचा एक धागा जॉर्जिया गिलमोर यांच्या साध्याशा घरापाशी सापडतो. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी खाद्यपदार्थ करून विकत आणि पैसे लढ्याला देत. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. देणारणीचं नाव फुटलं तर नोकरी जायची. म्हणून, पैसे आले कुठून? कुठूनच नाही! (आमच्या ऑडिटरला घेरीच आली असती.) गिलमोरबाईंची स्वयंपाकाची नोकरी मात्र गेलीच. त्यांनी घरातच खाणावळ थाटली. किंग तिथं जेवायला येत.