हायपरव्हायजरखालचा मजला

नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीईने काही एसएएस एसएसडींबद्दल ग्राहकांना कळवले, की ३२,७६८ तास भरले की या डिस्क बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ना डिस्क वाचणार, ना तिच्यावरचा डेटा. १६ बिटांच्या चिन्हांकित संख्येची मजल ३२,७६७पर्यंतच जाते. घोळ कुठे असावा, हे जाणकारांनी आकड्यावरूनच ताडले. नवे फर्मवेअर चढवणे एवढाच उपाय होता. मार्च २०२०मध्ये वेगळ्या डिस्कबद्दल तशीच सूचना आली, तेव्हा मर्यादा होती ४०,००० तासांची.

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा यावा, असे याहून मोठे कारण होते. एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या रेडचा सगळा भरवसा डिस्क एकेक करून मरतील यावर असतो. नव्या सर्व्हरमधल्या डिस्क मात्र एकाच दिवशी सुरू होतात आणि त्यांचे तासही बरोबरच भरतात.

एरवी जुने फर्मवेअर इतके वक्तशीर नसते. तक्रार येते ती ‘हजेरीचं सॉफ्टवेअर अडकतंय’ अशी. अ‍ॅडमिन त्या मशीनचा प्रोसेसर आणि मेमरी पाहतो; तिथे सगळे ठीक. मग होस्टचा लॉग उघडला, की डिस्ककडे गेलेल्या कमांड अर्ध्यावर रद्द झालेल्या दिसतात, किंवा नेटवर्क कार्डाची लिंक सारखी तुटताना आणि जुळताना दिसते. व्हीएमवेअरच्या सुसंगतता यादीत प्रत्येक कार्डासाठी ड्रायव्हर आणि फर्मवेअरची जोडी दिलेली असते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरला पॅच मारल्यावर ड्रायव्हर नवा होतो, पण कार्डातले फर्मवेअर खोके उघडले त्या दिवशीचेच राहू शकते. जोडी फुटते ती अशी.

म्हणून सुधारणेचा आराखडा खालून वर आखावा लागतो. अपवाद फक्त सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरचा; ते सर्वांत आधी. मग एकेका होस्टवरची मशीन चालू असतानाच दुसरीकडे हलवायची, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा, फर्मवेअर चढवायचे आणि त्यानंतर हायपरव्हायजर. मग व्हीएमवेअर टूल्स. व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती सर्वांत शेवटी, कारण ती वाढवलेले मशीन जुन्या होस्टवर चालत नाही आणि मागे यायला सहसा स्नॅपशॉट किंवा बॅकअप लागतो. या शेवटच्या पायरीची घाई नडते.

नवे ते सगळेच घ्यावे असेही नाही. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरचा मायक्रोकोड काही मशीन अचानक रीबूट करू लागला, तेव्हा जानेवारी २०१८मध्ये खुद्द इंटेलनेच तो वापरणे थांबवायला सांगितले. व्हीएमवेअरनेही ईएसएक्सआय ७.० अपडेट ३ नोव्हेंबर २०२१मध्ये मागे घेतले. अशा वेळी दोन-चार आठवडे थांबणारा अ‍ॅडमिन आळशी नसतो.

ईएसएक्सआय ७चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे पुढच्या आवृत्तीचा तक्ता आखायला बसला असाल, तर पहिल्या दोन रकान्यांत प्रत्येक डिस्कचे चालू तास आणि तिचे फर्मवेअर लिहा.