शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूश आहे?

"काही करत नाही हो तो, शेपूट हलवतोय बघा!" सोसायटीच्या फाटकापाशी हे वाक्य हमखास कानावर पडतं. कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा पुरेशी सूचना देतो, पण आपल्याला ती कळत नाही किंवा आपण तिचा उलटाच अर्थ लावतो. त्याची किंमत बरेचदा लहान मुलं मोजतात. म्हणून काही पक्के बसलेले गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही.
वस्तुस्थिती : शेपूट हलते ती उत्तेजित झाल्यामुळे. ती उत्तेजना आनंदाची असेल, तशीच रागाची किंवा भीतीचीही असेल. अंग सैल सोडून, कंबरेपासून डुलत हलणारी शेपूट मैत्रीची. ताठ उभी राहून भराभर थरथरणारी शेपूट, रोखलेली नजर आणि पुढे झुकलेलं अंग दिसलं, तर लांब राहा. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांवर प्रयोग केला. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकत होती. अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला की डावीकडे.

गैरसमज : कुत्र्याला मिठी मारलेली आवडते.
वस्तुस्थिती : अनेक कुत्र्यांना ती अडकवून ठेवल्यासारखी वाटते. मूल गळ्यात पडल्यावर कुत्र्याचं तोंड पाहा. मान दुसरीकडे वळवलेली, तोंड घट्ट मिटलेलं, जीभ पुन्हा पुन्हा नाकाओठांवरून फिरतेय, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसतेय. खाणं समोर नसताना ओठ चाटणं आणि झोप आलेली नसताना जांभया देणं, ही अस्वस्थतेची लक्षणं आहेत. फोटो काढत बसू नका, आधी मुलाला हळूच बाजूला घ्या.

गैरसमज : चप्पल फाडल्यावर तो मान खाली घालतो, म्हणजे आपली चूक त्याला कळते.
वस्तुस्थिती : संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14 कुत्रे होते. 'खाऊ नको' असं बजावून मालक खोलीबाहेर जायचे आणि परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही ते त्यांना सांगितलं जायचं, कधी खरं तर कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो ओरडा बसल्यावर, मग खाऊ खाल्लेला असो वा नसो. कुत्रा आपला चढलेला आवाज ओळखून दबतो, एवढंच.

गैरसमज : गुरगुरला की फटका द्यावा, नाहीतर तो डोक्यावर बसतो.
वस्तुस्थिती : गुरगुरणं म्हणजे 'इथेच थांब' ही सूचना. मारून ती दाबली, तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता चावू शकतो. कुत्र्यावर वर्चस्व गाजवलंच पाहिजे हा समज बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांतून पसरला. ही कल्पना आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढे 1999 मध्ये स्पष्ट केलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतो.

गैरसमज : पोट दाखवतोय म्हणजे गोंजारून हवंय.
वस्तुस्थिती : अंग सैल आणि तोंड उघडं असेल, तर हवं असेल. पण पाय आखडलेले, शेपूट पोटाशी ओढलेली आणि नजर चुकवलेली असेल, तर तो 'मला सोडा' म्हणतोय. हात मागे घ्या.

नुसती शेपूट किंवा नुसते कान पाहून निष्कर्ष काढू नका. डोळे, तोंड, पाठ, शेपूट आणि आजूबाजूला काय चाललंय, हे सगळं एकत्र पाहा. गल्लीतला कुत्रा अंगावर आला तर पळू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. स्थिर उभे राहा आणि तो शांत झाला की हळूहळू मागे सरका. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मुलांना रस्ता ओलांडायच्या नियमाइतकं पक्कं शिकवा. आणि तरीही दात लागलाच, तर हळद-चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करा.