जोतिबाच्या यात्रेला जाताना

"डॉक्टर, यात्रेला कोणतं औषध बरोबर घेऊ?" चैत्र पौर्णिमा जवळ आली की रुग्ण मला हमखास विचारतात. मी सांगतो, आधी वेळ ठरवा. डोंगराची चढण सकाळी दहाच्या आत उरका. भरपूर पाणी प्या. घाम फार आल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्या.

मधुमेहींनी गोळी घेऊन उपाशीपोटी दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये. हातपाय थरथरल्यास लगेच साखर खावी.

गुलाल डोळ्यांत गेल्यास चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

अंग तापून कोणी असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.