कुकी बटरचे बेक्ड ओट्स: घरात मधुमेह असेल तर नाश्त्याला चालतील का?

शहरात राहणारी मुले-नातवंडे गावी येताना आता ओट्सचे पाकीट आणि कुकी बटरची बरणी घेऊन येतात. महाड-पोलादपूर भागात जवळपास प्रत्येक घरातले कुणी ना कुणी मुंबई, पुणे किंवा सुरतेला असते, त्यामुळे ही नवलाई नात्यासारख्या गावातही पोहोचते. मोबाईलवर पाहून एक दिवस नाश्त्याला मसालेदार बेक्ड ओट्स होतात, घरभर दालचिनीचा वास सुटतो आणि मधुमेह असलेले आजोबा विचारतात, "ओट्स आहेत ना? मग मला चालतील." या प्रश्नाचे उत्तर ओट्सपेक्षा त्या बरणीवर जास्त अवलंबून आहे.

कुकी बटर म्हणजे काय?

नावात बटर असले तरी यात लोणी नसते, आणि पीनट बटरशीही त्याचा संबंध नाही. बेल्जियम-नेदरलँड्सकडे दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ घालून पातळ, कुरकुरीत बिस्किटे करतात. तीच बिस्किटे दळून त्यात तेल आणि साखर मिसळली की कुकी बटर तयार होते. थोडक्यात, हे पावाला लावता येईल असे बिस्किट आहे. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५ ते ३८ ग्रॅम साखर आणि तितकेच तेल असते. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅममध्ये, साखरच एक चहाचा चमचा भरून जाते.

आता हिशेब करू. (नाते हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव, तेव्हा इथे हिशेबाला कुणी कंटाळू नये.) सहा जणांसाठीच्या नेहमीच्या पाककृतीत अर्धा कप कुकी बटर आणि वर ७० ग्रॅमच्या आसपास ब्राऊन शुगर किंवा पाक असतो. कुकी बटरमधली साखर सुमारे ४४ ग्रॅम, वरची ७०, एकूण ११४. सहा भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. दुसरा तुकडा घेतला, सोबत गोड चहा झाला, की नाश्त्यातच दिवसाचा कोटा ओलांडला. ब्राऊन शुगर, गूळ, मध यांपैकी काहीही घातले तरी रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

मग ओट्सचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण पाकिटावर छापलेला असतो तेवढा सहज मिळत नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पोटात तो बुळबुळीत होतो, अन्न सावकाश पुढे सरकते, साखर हळू चढते आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडे कमी व्हायला मदत होते. त्यासाठी रोज सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते, म्हणजे ७०-८० ग्रॅम कोरडे ओट्स. रविवारच्या एका तुकड्याने कोलेस्टेरॉल उतरत नाही, आणि कोलेस्टेरॉलची गोळी तर मुळीच बंद करायची नाही.

ओट्स घ्यायचेच तर जाड, चपटे घ्या. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स साखर लवकर चढवतात, आणि त्यातल्या मसाला पाकिटांत मीठही बरेच असते.

आपल्याकडे हे आधीपासून होतेच

धान्य, गोडवा आणि सुगंधी मसाला एकत्र करून वर-खाली निखारे ठेवून भाजायचे, हे कोकणाला नवीन नाही. श्रावण-भाद्रपदात मोठ्या काकडीचे धोंडस होते ते असेच: भाजलेली तांदळाची कणी, किसलेली काकडी, गूळ, खोबरे, वेलची. मात्र धोंडस रोज होत नव्हते आणि कुणी त्याला पथ्याचे म्हणत नव्हते. बेक्ड ओट्सची अडचण एवढीच आहे की गोड पदार्थ आरोग्याच्या नावाने रोजच्या ताटात येतो.

या डोंगराळ भागातल्या वरकस जमिनीवर पिकते ती नाचणी. तिच्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, ओट्सच्या कितीतरी पट. पण नाचणीबद्दलचा एक गैरसमजही काढून टाकायला हवा. "नाचणीने साखर वाढत नाही" हे खरे नाही. बारीक पिठाची पातळ आंबील किंवा पेज भराभर पचते आणि साखर चांगलीच चढवू शकते. दूध, अंडे, शेंगदाणे यांच्यासोबत खाल्लेली घट्ट नाचणी त्यापेक्षा सावकाश पचते.

घरी करता येईल असा प्रकार

चार जणांसाठी: ८० ग्रॅम जाड ओट्स, ६० ग्रॅम भाजलेले नाचणीचे पीठ, ४०० मिली दूध, एक अंडे, एक पिकलेले केळे कुस्करून, आणि ४० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे तेल सुटेपर्यंत वाटलेले कूट. कुकी बटरच्या जागी हे कूट आणि मसाला आहे: अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा सुंठ, दोन वेलदोडे, एक लवंग आणि चिमूटभर जायफळ. खरे तर वास या मसाल्याचाच असतो, बिस्किटाचा नाही. साखर किंवा गूळ घालू नका, केळ्याचा गोडवा पुरतो. बेकिंग पावडर लागतच नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी ती टाळलेलीच बरी, कारण तिच्यात सोडियम असते.

सगळे मिसळून दहा मिनिटे भिजू द्या. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३०-३५ मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात तळाला स्टँड, त्यावर तूप लावलेला डबा, वर घट्ट झाकण आणि मंद आच. पाऊण तास तरी लागेल. सुरी घालून पाहिली की ती जवळपास कोरडी निघायला हवी. अंडे खात नसाल तर वगळा, तुकडे थोडे मऊ पडतील इतकेच.

चौथा भाग खाल्ला तर साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात. कर्बोदके दोन लहान पोळ्यांइतकी झाली. म्हणजे हा तुकडा पोळी-भाकरीऐवजी खायचा, तिच्याबरोबर नाही. चहात साखर नको. मुलांसाठी हवे तर त्यांच्या तुकड्यावर वरून एक लहान चमचा कुकी बटर लावा. मुलांना त्याने काही होत नाही, फक्त ते रोजचे करू नका.

गोळीची वेळ सांभाळा

या पदार्थाचा खरा धोका मला साखरेपेक्षा इथे जास्त वाटतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेणाऱ्यांना सवयीने सातला गोळी घ्यायची असते. त्या दिवशी नाश्ता मात्र पाऊण तास चुलीवर असतो, मग पाहुणे, मग फोटो. तोवर रक्तातली साखर खाली जाते. घाम, थरथर, धडधड, अंधारी, विनाकारण चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले की थांबू नका. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या. १५ मिनिटांनी साखर तपासा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या, मग पोटभर खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. अशा वेळी ओट्सचा तुकडा देऊन भागत नाही, त्यातली साखर फार सावकाश चढते. जेवणासोबतची गोळी किंवा इन्सुलिन नाश्ता वेळेवर मिळणार याची खात्री झाल्यावरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनुसार घ्या. एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्यांनी आपल्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून वेगळी ठरवून घ्यावी.

थायरॉईडची गोळी याच्या उलट. ती उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करा. दूध आणि तंतू यांमुळे ती नीट शोषली जात नाही.

कोणी आधी विचारावे?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर ओट्स, केळे, शेंगदाणे, दूध या सगळ्यांतले पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावे लागते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हा नाश्ता सुरू करू नका. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असेल तर कुकी बटर वर्ज्यच, कारण ते गव्हाच्या बिस्किटाचे असते. साध्या ओट्समध्येही गव्हाची भेसळ असू शकते. अशांनी पूर्ण नाचणीचाच प्रकार करावा, पीठ मात्र गव्हाच्या गिरणीवर दळू नये. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी कूट वगळावे. ज्यांना तंतूमय पदार्थांची सवय नाही त्यांनी अर्ध्या तुकड्यापासून सुरुवात करावी आणि पाणी वाढवावे, नाहीतर पोट फुगते.

दालचिनीने मधुमेह बरा होतो असे ऐकले असेल. चवीपुरती घाला, औषध म्हणून चमचे भरभरून नको. बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असते, ते जास्त प्रमाणात यकृताला बाधते.

घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिल्या दिवशी खाण्याआधी आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी साखर तपासा. बहुतेकांसाठी दुसरा आकडा १८० च्या आत असावा. तो वर गेला तर पुढच्या वेळी केळे अर्धे करा किंवा तुकडा लहान घ्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही दिवसांचे आकडे आणि काय खाल्ले ते कागदावर लिहून पुढच्या तपासणीला येताना बरोबर आणा.